एकाहत्तरच्या जागी एक्याण्णव

ही वही ह्यांनी शहापूरहून आणली होती. आखीव, दोनशे पानी, वर निळं कव्हर. पहिली अकरा पानं भरली आहेत. त्यात नुसते आकडे आहेत आणि ते सगळे माझ्या हातचे आहेत. डावीकडे वेळ, उजवीकडे टेम्परेचर. बाकीची वही कोरीच राहिली, म्हणून मी मागच्या बाजूने लिहायला घेतली. दुपारी जेवणं झाली की हे डिझाईनं दाखवायला बाहेर जातात आणि आक्का भिंतीला टेकून वाती वळत बसतात. तेवढ्या वेळात मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकत असेल. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे चालेल.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून त्या माहेरी परत आल्या आणि मागावर उभ्या राहिल्या. बेळगावला लागून असलेल्या वडगावात आमच्या गल्लीत तेव्हा प्रत्येक घरात पॉवरलूम होते. आमच्याकडे चार माग होते. एकेक करून तीन गेले. ह्यांनी मागावरून उठून साड्यांची डिझाईनं काढायला घेतली, आधी चौकटीच्या कागदावर रंग भरून, नंतर कॉम्प्युटरवर. चौथा माग राहिला, तो आक्कांचा. तीस वर्षं त्या एकाच मागासमोर उभ्या होत्या. सकाळी करंट आला की माग सुरू, दुपारी गेला की बंद, परत आला की सुरू. जेवण, झोप, पाहुणे, सगळं त्या करंटच्या मधल्या वेळात.

माझं माहेर निपाणीकडचं. चौथी झाली आणि आईने मला विड्यांच्या सुपासमोर बसवलं. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. एक कमी भरली तर मुकादम सगळ्यांसमोर कट्टा भिरकावून द्यायचा. मला माणसांसमोर बोलायची लहानपणापासून भीती. आपल्याला कुणी सगळ्यांसमोर काही विचारू नये म्हणून मी इतकं नीट मोजायला शिकले की माझा कट्टा कधी परत आला नाही. सासरी आल्यावर विणकाम मला जमलं नाही, मी सुताच्या कांड्याच भरायची. पण मोजणं मात्र कामी आलं. जुन्या साडीचा काठ समोर ठेवून हे विचारायचे, "ह्या कोयरीत किती तारा हायत गं?" मी सुईच्या टोकाने मोजून सांगायची. ह्यांचे डोळे बारीक चौकटींवर काम करून लवकर अधू झाले. त्यामुळे घरात मोजायचं काहीही असलं की मला हाक. आक्काही म्हणायच्या, "तिला दे. तिचं मोजणं चुकायचं न्हाय." एवढं एकच माझं कौतुक ह्या घरात झालं, आणि ते मला पुरत होतं.

ज्या व्यापाऱ्याला हे डिझाईन देत, तो घाई करायला लागला. एका पदराचं डिझाईन खऱ्या कापडासारखं पडद्यावर दिसायला जुना कॉम्प्युटर अर्धा दिवस घ्यायचा. मग ह्यांनी नवीन मशीन स्वतः जोडायचं मनावर घेतलं. मोबाईलवर कानडी, हिंदी व्हिडिओ बघून बघून एक महिना अभ्यास केला. बेळगावातल्या एका दुकानातून एकेक भाग आणला. प्रोसेसर मात्र वापरलेला घेतला. जोडायच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेली चादर अंथरून पूजेला बसावं तसे बसले. प्रोसेसर म्हणजे त्या मशीनचा मेंदू. तो तापतो म्हणून त्यावर पंखा असलेला कूलर बसवतात आणि दोघांच्या मध्ये राखाडी पेस्ट लावतात.

"किती लावायची म्हणतोय त्यो माणूस?" आक्कांनी विचारलं.

"कोण म्हणतंय मोहरीएवढी, कोण म्हणतंय तांदळाच्या दाण्याएवढी."

"मोहरी, तांदूळ. फोडणी घालतोयस का रं?"

हे हसले नाहीत. श्वास रोखून त्यांनी तांदळाएवढी पेस्ट लावली. पडदा पहिल्यांदा उजळला तेव्हा मात्र ते आक्कांच्या पाया पडले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. लग्नानंतर त्यांना एवढं खुश मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आमचं घर म्हणजे एकच लांब खोली, मागे स्वयंपाक. खोलीच्या मध्ये छातीएवढी प्लायवूडची आडभिंत. पलीकडे माग, अलीकडे कॉम्प्युटर. माग चालला की सुतातून बारीक तूस उडतं. आमच्या केसांवर, भाकरीवर, देवाच्या फोटोवर सगळीकडे ते असायचंच. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण मशीन आल्यापासून ह्यांना ते दिसायला लागलं.

"आक्का, तुझ्या मागाचं तूस माझ्या मशीनच्या पोटात जातंय."

"तुझ्या पोटात गेलंय की चाळीस वर्सं. मेलास का?"

"मला चालतंय. ह्याला न्हाय चालत."

पहिल्यांदा हे चेष्टेत होतं. मग चेष्टा कमी होत गेली. हे मशीनवर चादर टाकायला लागले, आक्का माग मुद्दाम थांबवून "आता श्वास घेऊ दे त्याला," म्हणायला लागल्या. एक दिवस व्यापाऱ्याशी काहीतरी वाजलं होतं, त्या रागात हे बोलून गेले, "एक तर ह्यो माग ऱ्हाईल न्हायतर हे मशीन ऱ्हाईल." आक्का उठल्या. मागाकडे गेल्या आणि करंट असूनही थोडा वेळ तो सुरू न करता उभ्या राहिल्या. मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला.

मी त्यावर एक उपाय केला, कुणाला न विचारता.

मागावर नवा बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, चढवला की पहिली वीतभर वीण जमते का बघायला विणतात आणि तो तुकडा कापून बाजूला टाकतात. आक्का ते तुकडे टाकून देत नसत. एका पिशवीत ठेवत. त्यात संक्रांतीच्या काळ्या साडीच्या बीमचा एक तुकडा होता. चिकोडीला नात्यातल्या लग्नाला हे आणि आक्का गेले होते, मी दुखत्या पायाचं निमित्त करून घरी राहिले. मशीनच्या पुढच्या बाजूला काळी जाळी असते, तिथून पंखा वारा आत ओढतो. ती जाळी हे कशी ओढून काढतात ते मी पाहिलं होतं. मी ती काढली. आतल्या बाजूने काळं कापड ताणून लावलं आणि चारी कोपऱ्यांना, जाळीच्या भोकातून धागा घालून, गाठी मारल्या. तुटलेली तार जोडताना विणकर मारतात ती गाठ. ती इतकी बारीक असते की मागाच्या फणीत अडकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आक्कांनीच ती मला शिकवली होती. विड्यांचा दोरा बांधायची सवय असल्यामुळे माझी गाठ उलटी पडते. त्यावरून आक्का मला पुष्कळ हसायच्या.

जाळी परत बसवली. काळ्यावर काळं, काही दिसत नव्हतं. आता तूस आत जाणार नाही, भांडण होणार नाही, माग राहील. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच चहा करून प्याले. हे कधीतरी मशीन उघडतील, आत स्वच्छ बघून विचारतील, तेव्हा सांगू असं ठरवलं. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

दोनेक महिन्यांनी ह्यांनी मशीनचा स्पीड वाढवायचा विचार काढला. कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. आक्कांनी विचारलं तसं ह्यांनी मागाच्याच भाषेत सांगितलं.

"मागाचा स्पीड वाढवायचा तर आपण काय करतो? मोटरीची पुली बदलतो. खरं बदलायच्या आधी मोटरीला हात लावून बघतो, आत्ताच किती तापतीया. आधीच तापत असंल तर पुली बदलून मोटर जाळून घ्यायची का? ह्याचं बी तसंच. आधी टेम्परेचर बघायचं."

ते बघितलं आणि ह्यांचा चेहरा उतरला. मशीन काही काम न करता नुसतं चालू असताना अठ्ठावन्न. पूर्ण भार टाकला की पंचाण्णव. शंभराच्या जवळ गेलं की ते जीव वाचवायला आपोआप स्पीड कमी करतं. वाढवायचं तर दूरच.

मग शोध सुरू झाला. ही वही तेव्हाच आली. हे सांगायचे, मी लिहायची. आधी त्यांनी सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळ जागी नेल्या. दोन अंशसुद्धा फरक नाही. मग कूलर काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत सारखे आवळले. त्र्याण्णव. मग मागच्या पंख्यासमोर सुताची एक तार धरली. तार बाहेरच्या बाजूला उडाली. "वारा हाय," म्हणाले. पुढच्या जाळीसमोर तार धरायचं त्यांना सुचलं नाही. आणि प्रत्येक वेळी काम झालं की तूस आत जाईल म्हणून लगेच बाजूचा पत्रा लावून टाकायचे. त्यामुळे मशीन उघडं ठेवून चालवलं तर काय होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नाही.

शेजारीण मिरच्या मागायला आली, तिने दारातूनच विचारलं, "काय म्हणतोय तुमचा डबा? ताप आलाय म्हणं?"

"आलाय की," आक्का म्हणाल्या. "तीस वर्सांत माझ्या मागाला आला न्हाय त्यो ह्याला दोन महिन्यांत आला. डागदर घरातच हाय म्हणून बरं."

शेवटी ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो कानडी माणूस, मराठी मोडकं बोलायचा. "साइड पत्रा काढून नोड्री," म्हणाला, म्हणजे बघा. "टेम्परेचर उतरलं तर वारा कमी, प्रोसेसर चांगला. उतरलं नाही तर मग प्रोसेसरच."

दुसऱ्या दिवशी तेच करायचं ठरलं. पण सकाळी व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. हे मशीनवर भार टाकून, मला खुर्चीवर बसवून निघाले. "पाच-पाच मिंटांनी आकडा लिव. सहा आकडे झाले की पत्रा काढ, आनखी सहा लिव. करंट जायच्या आत व्हायला पायजे." जाताना दारात वळून आक्कांना म्हणाले, "हिच्यावर सोपवलंय म्हंजी मी हितंच बसल्यासारखं हाय."

पत्रा बंद असताना त्र्याण्णव, पंचाण्णव, पंचाण्णव, शहाण्णव, पंचाण्णव, पंचाण्णव. ते मी जसेच्या तसे लिहिले. मग दोन स्क्रू फिरवून पत्रा काढला. आडभिंतीपलीकडे आक्कांचा माग धडधडत होता. पाच मिनिटांनी पाहिलं तर अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं माझं चुकतंय. पुन्हा पाहिलं, एक्क्याऐंशी झालं. मग शहात्तर.

मी टोपलीतून सुताची तार घेतली आणि पुढच्या जाळीसमोर धरली. पंखा आत गरगर फिरत होता आणि तार सरळ लोंबत होती. हललीसुद्धा नाही.

तेव्हा मला कळलं. विणकराच्या घरात एवढी वर्षं काढून मला ते आधी कळायला हवं होतं. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते. धुतल्याशिवाय ते उघडत नाही, पुठ्ठ्यासारखं घट्ट असतं, त्यातून वारा जात नाही. मी न धुतलेलं कापड लावलं होतं. आणि दोन महिन्यांचं तूस त्यावर बसून त्याचा घोंगडीसारखा जाड नमदा झाला असणार.

शेवटचे दोन आकडे एकाहत्तर आणि एकाहत्तर होते.

मी पेन धरून बसले. खरं लिहिलं असतं तर हे पुढची जाळी काढणार होते, हे मला दिसत होतं. कापड निघालं असतं, मी ओशाळले असते, ते एवढं काही नव्हतं. पण कापडावर मागाचं तूस असणार होतं, बोट बोट जाड. ते हातात घेऊन हे आक्कांना काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. एक तर माग न्हायतर मशीन. दोष प्रोसेसरचा निघाला तर मागाला कुणी बोलणार नाही. आज चुकीचं लिहू, उद्या हे बाहेर गेले की कापड काढून टाकू, मशीन आपोआप बरं होईल आणि कुणाला काही कळणार नाही. माझ्या मनात एवढंच होतं.

मी चौऱ्याण्णवपासून खाली येत शेवटी एक्याण्णव लिहिलं. तीन वेळा. माझं अक्षर त्या पानावर इतर पानांपेक्षा चांगलं आलं आहे.

"उतरला का गं ताप?" आक्कांनी मागावरून ओरडून विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.

पत्रा लावला. थोड्या वेळाने करंट गेला, माग थांबला, पडदा काळा झाला. पडद्यावर राहिलं असतं तेही गेलं.

हे आले, उभ्या उभ्याच वही वाचली. "म्हंजी प्रोसेसरच," म्हणाले आणि खाली बसले. मला वाटलं होतं एकदा स्वतः करून बघतील. पण ते कशाला बघतील? मी मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर जातील म्हणून मी वाट बघत होते. ते गेले खरे, पण प्रोसेसर काढून खिशात घालून गेले. दुकानातून परत आले तेव्हा रागाने लाल झाले होते.

"त्यानं दुकानात लावून बघितला. म्हणतोय हितं चांगला चालतोय, काय झालं न्हाय ह्याला. खोटं बोलतोय, परत घ्यायला नको म्हणून. मी सांगितलं त्याला, माझ्या बायकोनं आकडे लिवल्यात. तिनं आयुष्यात कधी चुकीचं मोजलं न्हाय. चार माणसांसमोर सांगितलं."

मी त्यांना पाणी दिलं. कधी नव्हे ते चार माणसांसमोर माझं नाव निघालं होतं.

रात्री तिघं जेवायला बसलो. नवा प्रोसेसर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, व्यापारी दिवाळीच्या साड्यांसाठी थांबणार नव्हता, आणि घरात विकण्यासारखी वस्तू एकच होती. ती कुणी बोलून दाखवत नव्हतं. शेवटी आक्काच बोलल्या.

"माग बघून जायला सांग कुणाला तरी."

"नको आक्का."

"नको काय? माझं गुडघं आता उभं ऱ्हाऊ देत न्हाईत. आज ना उद्या जायाचाच की त्यो. तुझ्या कामाला तरी येऊ दे."

आक्कांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळला की बोलायचं असं मी ठरवलं. घास गिळला. मग पाणी प्याले. मग ताटं उचलायची वेळ झाली.

माग न्यायला दोन माणसं आली. पाना आणि हातोडी घेऊन त्यांनी तो सकाळभरात सुटा केला. चालता माग म्हणून त्यांना तो नको होता, लोखंड म्हणून हवा होता. आक्का बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या, शेजारणीशी बोलत. मोठा आवाज झाला की बोलणं थांबवायच्या, मग परत सुरू करायच्या. टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी फक्त धोटा मागून घेतला. सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो, दोन्ही टोकांना पितळ असलेला लाकडी धोटा. "भंगारात त्याचं काय येणार हाय," म्हणाल्या.

नवा प्रोसेसर येणार त्याच्या आदल्या दिवशी, हे बाजारात आणि आक्का देवळात गेल्या असताना, मी जाळी काढली आणि ब्लेडने कापड कापून घेतलं. वाटलं होतं तसंच त्यावर राखाडी नमदा होता. चुलीत टाकलं. न काढलं असतं तर नवाही तापला असता आणि मग आक्कांनी काय विकलं असतं?

नवा बसला. भार टाकून अडुसष्ट. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं. "बघ. आपलं बरोबर हुतं." नंतर त्यांनी स्पीड वाढवला, तरी पंचाहत्तरच्या वर जात नाही. आता खोलीत तूसही उडत नाही. एवढं गार मशीन वडगावात कुणाकडे नसेल.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मागाची पूजा असायची. आधी माग आतून-बाहेरून पुसून, तेलपाणी करून लख्ख करायचा, मग फुलं. यंदा पूजेला मशीनच होतं. हे झेंडू आणायला गेले. आक्का ओला फडका घेऊन मशीनसमोर बसल्या. पूजेला ठेवायची वस्तू वरवर पुसायची त्यांना सवय नाही. पुढची जाळी ओढली तशी ती हातात आली. त्यांनी ती उलटी करून आतून बोट फिरवलं. एका कोपऱ्यात बोट थांबलं. मग दुसऱ्या. मग राहिलेल्या दोन.

कापड मी कापून काढलं होतं, गाठी जाळीत तशाच राहिल्या होत्या.

"हिकडं ये गं."

मी गेले.

"ही गाठ उलटी हाय," आक्का म्हणाल्या. "उलटी गाठ ह्या घरात एकीचीच पडती."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"काय बांधलं हुतंस?"

"कापड. संक्रांतीच्या काळ्या बीमचा तुकडा. तूस आत जाऊ नये म्हणून."

"धुतलं हुतंस?"

"न्हाय."

आक्कांना पुढचं सांगावं लागलं नाही. जाळी त्यांनी मांडीवर घेतली.

"त्या दिवशी मी विचारलं, ताप उतरला का. खरा आकडा किती हुता?"

"एकाहत्तर." पहिल्यांदाच मी तो मोठ्याने म्हणत होते. "मी एक्याण्णव लिवला."

"कशापायी गं?"

"तुमचा माग जाईल म्हणून."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मूल काहीतरी भलतंच बोललं की आपण बघतो तसं.

"माग तर गेला की गं," त्या म्हणाल्या.

बाहेर ह्यांच्या चपलांचा आवाज आला. आक्कांनी जाळी जागेवर दाबून बसवली. "त्याला सांगू नगो," हळूच म्हणाल्या. "चार माणसांत तुझी ग्वाही देऊन आलाय त्यो." मग उठून त्यांनी ट्रंकेतून धोटा काढला, फडक्याने पुसला आणि मशीनच्या डोक्यावर ठेवला. करंडा माझ्याकडे सरकवला. मी दोन्हींना हळद-कुंकू लावलं. ह्यांनी झेंडूचा हार घातला आणि नमस्कार केला.

त्याला आता दोन महिने झाले. आक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलतात. जेवलीस का विचारतात, शेजारणीची टिंगल करतात. ह्यांना त्यांनी काही सांगितलेलं नाही. त्या पानावर मी काही खोडलेलं नाही. खोडलं तर हे विचारतील.

एकच झालं आहे. माग गेल्यापासून हात रिकामे राहू नयेत म्हणून आक्का कापसाच्या वाती वळतात, शंभराचा एक जुडा करून देवळाबाहेरच्या फुलवाल्या बाईला देतात. आधी त्या नुसत्या वळत जायच्या आणि ढीग माझ्याकडे सरकवायच्या, "मोज गं." खंडेनवमीपासून त्या स्वतःच मोजतात. त्यांना नीट जमत नाही. पन्नास-साठपर्यंत जातात, मध्येच काहीतरी होतं, विसरतात.

आत्ताही त्या मोजताहेत. मी आडभिंतीच्या अलीकडे, मशीनच्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. आत्ताच करंट आला. वर पंखा फिरायला लागला आणि मागच्या गल्लीत अजून दोन घरांत माग आहेत ते धडधडायला लागले. तो आवाज आला की आक्का उठून उभ्या राहतात. रोज. तशाच आताही राहिल्या. मांडीवरच्या वाती खाली सांडल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, खाली बसल्या, वाती गोळा केल्या.

त्रेसष्ट झाल्या होत्या. मी मनात मोजत होते. सांगितलं नाही.

"एक," आक्का म्हणाल्या.